चिवडा म्हातारा झाला

आमच्या चाळीत भिंतींना कान असतात असं म्हणणं बरोबर नाही. इथे भिंती नावापुरत्या आणि कान मात्र भरपूर. त्यामुळे शेजारच्या बिऱ्हाडात काय झालं ते तर कळतंच, पण काय झालं नाही तेही कळतं. त्या दिवशी शिट्टी झाली नाही, हे मला असंच कळलं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला शेजारच्या वहिनी लालबाग मार्केटातून भाजी घेऊन येतात. ओट्यावर पिशवी ठेवून त्यांनी कोथिंबिरीची जुडी काढली, की त्या पातळ प्लॅस्टिकची चुरचुर होते. (पातळ पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे म्हणतात. आमच्या कोथिंबीरवाल्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.) चुरचुर झाली की आतून दोन शिट्ट्या यायच्या. कुईक, कुईक! इतक्या खणखणीत, की पहिले सहा महिने आमचे हे पेपर वाचता वाचता ओरडायचे, ‘अगं, कुकर बंद कर!’ शिट्ट्या मारणारे दोघे म्हणजे चिवडा आणि शंकर. वहिनींच्या घरचे गिनीपिग.

आमच्या आणि त्यांच्या गॅलरीच्या मधे कमरेएवढं लाकडी कुंपण आहे. वहिनींच्या सासूबाईंनी मांजर येऊ नये म्हणून ठोकून घेतलं होतं. मांजर अजून येतं, पण दोन्हीकडून कोपर टेकायला कुंपण फार सोयीचं. मी वाल सोलत बसले होते. चुरचुर झाली आणि शिट्टी एकच आली.

‘वहिनी, एक मेंबर कमी वाजला का आज?’

वहिनी हातातली कोथिंबीर तशीच घेऊन बाहेर आल्या. ‘तुम्हालाही जाणवलं ना काकू? आज तिसरा दिवस. शंकर पिंजऱ्याच्या जाळीवर चढून शिट्ट्या मारतो नि चिवडा आपला कोपऱ्यात. मान वर करतो, बघतो, परत खाली.’

‘पोट बिघडलं असेल.’

‘अण्णा म्हणतात, तसं नाही. अण्णांना काहीतरी वेगळं वाटतंय.’

अण्णा म्हणजे वहिनींचे सासरे. वय ८३. त्यांचं ‘वेगळं वाटणं’ मी एरवी फारसं मनावर घेत नाही. दर पावसाळ्यात त्यांना आपला जिना पडणार असं वाटतं. पण गिनीपिगच्या बाबतीत अण्णांचा शब्द शेवटचा. का, ते पुढे सांगते.

आधी चिवडा आला कसा ते ऐका. साडेसहा वर्षांपूर्वी वहिनींच्या मुलीने, म्हणजे अण्णांच्या नातीने, कुत्रा पाहिजे म्हणून हट्ट धरला. दहा बाय बाराच्या खोलीत कुत्रा ठेवायचा तर घरातलं एक माणूस बाहेर काढावं लागलं असतं. मग तडजोड म्हणून गिनीपिग. पिंजरा जिन्याने वर चढला तेव्हा तळमजल्यावरच्या आजी दारातच होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘महापालिका पगार देऊन रात्री घुशी मारायला माणसं पाठवते आणि ह्यांनी पैसे देऊन घूस आणली!’ पुढे वर्षभर ‘घुशीवाल्यांचं घर’ हाच वहिनींचा पत्ता होता.

नाव तर मुळातच चुकीचं आहे म्हणे. हा प्राणी गिनी देशातला नाही आणि डुकराशी त्याचं काही नातंही नाही. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या जातीचा, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरांतला. तिथले लोक हजारो वर्षं त्याला खाण्यासाठी पाळत आलेत. ही शेवटची माहिती त्या मुलीला कुणी सांगितलेली नाही, तुम्हीही सांगू नका. अंगावर तपकिरी, काळा, पांढरा असे तीन रंग आणि कानाजवळ कढीपत्त्याच्या पानाएवढा एक गडद ठिपका. चिवडा गल्ली आमच्यापासून चालत पाच मिनिटं. दुसरं नाव पडणारच नव्हतं. तीन वर्षांनी त्याला सोबत म्हणून आणला तो शंकरपाळ्याच्या रंगाचा, म्हणून शंकर.

खाणं म्हणजे गवत. रोज, दिवसभर, ढीगभर. सुकं गवत मागवतात, पण ओलंही लागतं. लालबागेत ओलं गवत कुठे मिळणार? मग वहिनी दादरच्या फुलबाजारातून दुर्वांच्या जुड्या आणू लागल्या. गणपतीला २१ पुरतात, चिवड्याला शंभरही कमी. पहिल्या वर्षी आम्हाला वाटायचं, ह्यांनी काहीतरी मोठं व्रत धरलंय. मी त्यांना ‘केवढं करता हो देवाचं!’ असं म्हणालेसुद्धा. वहिनी हसल्या, पण गैरसमज काही दूर केला नाही.

आता अण्णा. अण्णांची सगळी नोकरी परळला औषधांच्या एका लॅबात, ॲनिमल हाऊसमध्ये गेली. पिंजरे धुणं, चारा घालणं, वजनं घेणं, डॉक्टरसाहेबांना जनावर नीट धरून देणं हे त्यांचं काम. येता-जाता हाफकिनची इमारत दिसायची. ‘तिथे पूर्वी गव्हर्नरसाहेब राहायचे,’ हे अण्णा सांगणार म्हणजे सांगणार. ‘१८९९ साली तिथे प्लेगची लॅब आली. आणि हाफकिनसाहेबाने काय केलं माहितीय? प्लेगची लस आधी सशांना टोचली आणि १८९७च्या जानेवारीत, १० तारखेला, स्वतःला टोचून घेतली. स्वतःच गिनीपिग झाला तो.’ हा विनोद मी कमीत कमी चाळीस वेळा ऐकलाय. दरवेळी हसते. शेजार आहे.

पण शिट्टी बंद झाली त्या आठवड्यात अण्णांनी हा विनोद केला नाही. गॅलरीत आरामखुर्चीवर बसून कुंपणाच्या ह्या बाजूला तोंड करून, म्हणजे माझ्याशीच, पण नजर भलतीकडे लावून म्हणाले, ‘काकू, तीस-बत्तीस वर्षांत माझ्या हातांखालून हजारो गेले असतील. लहान पाहिले, गाभण पाहिल्या, आजारी पाहिले. पिल्लू जन्मतं तेच डोळे उघडे आणि अंगभर केस घेऊन, दुसऱ्या दिवशी गवत चघळतं. सगळं पाहिलं. पण म्हातारा झालेला एकही नाही पाहिला. तिथे म्हातारं व्हायला वेळच नसायचा.’

थोडं थांबून म्हणाले, ‘हा माझा पहिला.’

मी वाल सोलायची थांबले. असल्या वाक्याला काय बोलायचं असतं, सांगा. मी विचारलं, ‘जगतात किती हे?’

‘पाच ते आठ वर्षं, म्हणतात.’

म्हणजे साडेसहा वर्षांचा चिवडा अण्णांच्याच वयाचा झाला होता. हे मी बोलले नाही. अण्णांनी केव्हाच हिशेब केलेला असणार.

अण्णांनी मग लॅबातली शिस्त घरी लावली. वहिनींनी बेसनाचे लाडू मोजून वळायला डिजिटल काटा घेतला होता, तो त्यांनी ताब्यात घेतला. काट्यावर स्टीलचं पातेलं, पातेल्यात फडकं, फडक्यावर चिवडा. बँकेने फुकट दिलेल्या डायरीत तारीख आणि ग्रॅम. आषाढात १०४०. आठवड्याने ९६०. पुढच्या रविवारी ९१०. ‘हा प्राणी तोंडाने काही सांगत नाही,’ अण्णा म्हणाले. ‘दुखलं तरी दाखवत नाही. रानात दुबळा दिसला की उचलला जातो, म्हणून शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग करतो. काटा मात्र खोटं बोलत नाही.’

‘इथे कोण उचलतंय त्याला?’

अण्णांनी बोट वर केलं. गिरणीच्या जुन्या चिमणीच्या दिशेला तीन-चार घारी गोल गोल फिरत होत्या. परळ-लालबागच्या आकाशात घार नाही असा दिवस नसतो. मी पन्नास वर्षं इथे राहतेय, पण गिनीपिगच्या बाजूने वर कधी बघितलं नव्हतं.

बातमी चाळभर व्हायला अर्धा दिवस लागला, कारण मी दुपारी झोपले होते. संध्याकाळपासून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं ओव्याचं पाणी पाजा. कुणी म्हणालं, दृष्ट काढा, येणारे-जाणारे सगळे ‘किती गोड’ म्हणतात. तळमजल्याच्या त्याच आजी, सहा वर्षांपूर्वी घूस म्हणणाऱ्या, जिना चढून स्वतः मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. दोन माळे चढायला त्यांना वीस मिनिटं लागली, हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. आणि तिसऱ्या माळ्यावरचे काका आपल्या घशासाठी आणलेल्या कॅप्सूलची उरलेली पट्टी घेऊन आले. ‘अर्धी फोडून पाण्यातून द्या. अँटिबायोटिक आहे, एका दिवसात ताठ होईल.’

अण्णांनी पट्टीवरचं नाव वाचलं आणि असे ओरडले की दादरपर्यंत ऐकू गेलं असेल. पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडातून गेलं तर गिनीपिगच्या पोटातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात आणि जनावर जातं. आपल्याला वाचवणारी गोळी त्याला मारते. ‘ऑक्सफर्डला १९४० साली पेनिसिलिनची पहिली परीक्षा झाली ती उंदरांवर,’ अण्णा हाफत सांगत होते. ‘उंदीर जगले, म्हणून ते औषध जगाला मिळालं. त्या दिवशी पिंजऱ्यात गिनीपिग असते, तर साहेबांनी बाटली मोरीत ओतली असती!’ काकांनी पट्टी खिशात घातली आणि पुढे चार दिवस ते आमच्या बाजूच्या जिन्याने गेले नाहीत.

आता डॉक्टर. लालबाग-परळमध्ये जनावर आजारी पडलं, की पहिला शब्द निघतो तो ‘बैलघोडा’. नाव लांबलचक आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, पण दिनशॉ पेटिटांच्या पत्नीच्या नावाचं हे इस्पितळ लोकांनी आपल्या सोयीने बैलघोडा करून टाकलं. ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल हेच तेव्हाचे पेशंट. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयसुद्धा १८८६ साली त्याच आवारात सुरू झालं. वहिनींच्या नवऱ्याला मात्र नेमका छोट्या प्राण्यांचा डॉक्टर हवा होता. आधी गेले तिथे सांगितलं, आम्ही कुत्रा-मांजर सोडून बघत नाही. मग शोधत शोधत एक डॉक्टरीणबाई सापडल्या. ससे, कासवं, गिनीपिग असलेच पेशंट. अण्णा टॅक्सीत पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते वहिनींनी मला कुंपणावर तपशीलवार सांगितलं आणि मी ते पुढे तपशीलवार पसरवलं, कारण त्यात ऐकण्यासारखं होतं. बाई म्हणाल्या, खाणं कमी झालं की लोक लगेच म्हणतात वय झालं, आणि हीच मोठी चूक. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात. मागच्या दाढा वाकड्या वाढल्या की जीभ अडकते. भूक असते, अन्नाजवळ जातो, तोंडात घेतो, टाकून देतो, हनुवटी लाळेने ओली होते. ते म्हातारपण नव्हे, ते दाताचं दुखणं, आणि त्याला इलाज आहे. मूत्राशयात खडा झाला तर लघवी करताना ओरडतो, त्यालाही इलाज आहे. आणि क जीवनसत्त्व कमी पडलं तर सांधे दुखतात, चालवत नाही, केस विस्कटतात. बहुतेक जनावरं हे जीवनसत्त्व शरीरातच बनवतात, माणूस आणि गिनीपिग मात्र बनवू शकत नाहीत.

इथे अण्णांनी डॉक्टरीणबाईंना थांबवून १९०७ सालची गोष्ट ऐकवली म्हणे. नॉर्वेतले दोन डॉक्टर बेरीबेरीचा अभ्यास करायला गिनीपिगना नुसतं धान्य घालत होते आणि त्यांना झाला स्कर्व्ही. बहुतेक दुसरा कुठलाही प्राणी घेतला असता तर स्कर्व्ही झाला नसता. बाईंना बहुतेक ही गोष्ट माहीत असणार, पण ऐकून घेतली. शहाणी बाई.

चिवड्याच्या डाव्या बाजूच्या दाढा खरंच वाढलेल्या निघाल्या. त्या घासून दिल्या. खडा नव्हता. ढोबळी मिरची आधीपासून रोज होतीच. घरी आल्यावर आठवडाभर गडी बरा खाऊ लागला, वजन ९३५ झालं, आणि एका संध्याकाळी चुरचुर झाल्यावर दोन शिट्ट्या आल्या. दुसरी जरा चिरकी. मी आतूनच ओरडले, ‘वाजला गं बाई!’ वहिनींनी कुंपणावरून मला साखर दिली, चिमूटभर.

तो आठवडा गेला आणि काटा परत खाली. दात ठीक होते. आता खरंच वय होतं.

पुढचे वीस-बावीस दिवस मी रोज बघत होते. पिंजरा गॅलरीतच असायचा, दार उघडं. चिवडा लहान होता तेव्हा कारण नसताना जागच्या जागी उडायचा, चारही पाय वर, लाही फुटावी तसा. नात त्याला ‘लाह्या फुटल्या’ म्हणायची. ते उडणं कधी बंद झालं, कुणालाच नक्की आठवेना. पोर दोन दिवस जुने व्हिडिओ बघत बसली आणि शोधून काढलं, गेल्या दिवाळीनंतर एकदाही नाही. म्हणजे शिट्टी थांबणं ही पहिली खूण नव्हतीच. पहिली खूण आठ-नऊ महिने आधीची, आनंदाची होती म्हणून कुणी मोजली नाही.

मग अंग फुलवून बसणं. पाठ वाकडी करून, केस उभे करून, डोळे अर्धे मिटून. हा प्राणी निरोगी असताना डोळे मिटून झोपलेला क्वचित दिसतो. चिवडा आता दिवसाढवळ्या मिटायचा. तोंड धुवायचा नाही. ह्या प्राण्यांच्या डोळ्यांतून दुधासारखं पांढरं पाणी येतं आणि ते पुढच्या पायांनी तोंडाला फासून तोंड धुतात, हे मी सहा वर्षं बघत होते. मला आधी वाटायचं डोळे आले. तेही थांबलं. कानामागे केसांच्या गुठळ्या झाल्या. नात मऊ ब्रशने विंचरायची, तर कधी मुकाट बसायचा, कधी दात कटकट वाजवायचा. सहा वर्षांत ज्याने कुणाला बोट लावलं नाही, त्याने एकदा तिलाच चावा काढला. पोर रडली. अण्णा म्हणाले, ‘त्याला तुझा राग नाही आला. त्याला कंबर दुखते. माझी दुखते तेव्हा मी कुणावर ओरडतो?’

‘माझ्यावर,’ वहिनी म्हणाल्या.

‘मग.’

एक गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते, पण गप्पांत चालते. म्हातारा नर झाला की मागचे स्नायू ढिले पडतात आणि मऊ लेंड्या तिथेच साठतात. एरवी हे प्राणी त्या मऊ लेंड्या तिथल्या तिथे खाऊन टाकतात, त्यातूनच त्यांना पोषण मिळतं. म्हाताऱ्याला वाकून तोंड तिथे पोचवता येत नाही. मग हाताने साफ करावं लागतं. दिवसातून एकदा, कोमट पाणी, कापूस, थोडं खोबरेल. हे काम घरात कुणी करायचं यावर चर्चाच झाली नाही. अण्णा सकाळी आंघोळीआधी मोरीत पाट घेऊन बसायचे, डाव्या हाताने छातीखाली आधार, उजव्या हाताने काम. तीस वर्षांची सवय. चिवडा फक्त त्यांच्याच हातात कटकट करत नसे. लेंड्या किती, केवढ्या, ओल्या की सुक्या, हेही डायरीत जाऊ लागलं. वहिनी म्हणाल्या, ‘माझ्या बाळंतपणात माझी एवढी चौकशी नव्हती.’

आणि शंकर! मला वाटलं होतं, जनावर आहे, म्हाताऱ्याला छळेल. पहिले काही दिवस त्याने तोरा दाखवलाच. चिवड्याभोवती घुर्रर्र करत, मागचं अंग हलवत फेऱ्या मारायचा, त्याच्या तोंडातली कोथिंबिरीची काडी ओढून घ्यायचा. पूर्वी असं केलं असतं तर चिवड्याने त्याला पिंजराभर पळवला असता. आता काडी सोडून द्यायचा. आठ-दहा दिवसांनी घुर्रर्र थांबली. शंकर जेवण झालं की जाऊन चिवड्याच्या अंगाला अंग लावून बसू लागला. माया होती की नुसती सवय, मला सांगता येणार नाही आणि ज्यांना सांगता येतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही. बसत होता, एवढं खरं.

भाद्रपद जवळ आला तशी लालबागेची पंचाईत सुरू झाली. आगमनाच्या मिरवणुका, ढोल, ताशे, रात्री-अपरात्री. आम्हाला त्याशिवाय झोप येत नाही, पण ह्या प्राण्याला मोठ्या आवाजाची भारी धास्ती. पिंजरा गॅलरीतून आत, मग आतून मोरीजवळच्या कोपऱ्यात. वर दोन गोधड्या. चिवडा आता चालत नव्हता. नळीने भरवलेलं पातळ खाद्य दोन घोट घ्यायचा, मग तोंडाच्या कडेने सोडून द्यायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, गिळत नसेल तर बळजबरी करू नका, फुप्फुसात जाईल. कान आणि पाय गार लागू लागले. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, त्याला नको वाटलं तर सरकता येईल एवढी जागा सोडून. वजन ७४०.

त्या रात्री कुंपणावर कुजबुज झाली, साडेअकराला. बाईंनी फोनवर दोन्ही वाटा सांगितल्या होत्या. घरीच ठेवलं तर एक-दोन दिवस. शेवटी श्वास थांबून थांबून येईल, पाय झाडेल, मान मागे टाकेल, बघायला कठीण जाईल. किंवा आणा, आधी गुंगी देऊ, मग इंजेक्शन. त्याला कळणार नाही.

‘काय करावं, काकू?’

मी म्हटलं, ‘मला विचारू नका.’ आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

वहिनींचा नवरा म्हणत होता, नैसर्गिक होऊ दे. नात म्हणत होती, तो दात हळूहळू घासतोय, ते कटकट नाही, ते दुखण्याचं घासणं आहे, मी वाचलंय. सगळे अण्णांकडे बघत होते. अण्णा म्हणाले, ‘मी हे आयुष्यभर केलंय. आकडा विचारू नका. कामासाठी केलं. ह्या एकाला त्याच्यासाठी करायचंय, तर आता माझा हात मागे राहायला नको.’

सकाळी आठला टॅक्सी. अण्णांनीच धरलं होतं, वहिनी म्हणाल्या. त्याच जुन्या पद्धतीने, छातीखाली डावा हात. बाईंनी विचारलं, आजोबा, तुम्ही बाहेर बसता का? नाही म्हणाले.

दुपारपर्यंत चाळीत दोन तट पडले. ‘गणपतीच्या तोंडावर जीव घेतला’ असं एक मत. तिसऱ्या माळ्याचे कॅप्सूलवाले काका ह्या तटाचे पुढारी. मी सहसा अशा वेळी दोन्हीकडे मान हलवते, बातम्या दोन्हीकडून येत राहतात. ह्या वेळी नाही हलवली. मी सांगितलं, बावीस दिवस मी कुंपणावरून बघितलंय, तुम्ही कुणी बघितलं नाही. आजी तळमजल्यावरून म्हणाल्या, ‘मलाही कुणी असं नेलं तर बरं.’ मग सगळे गप्प.

बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी चिवड्याला आधी घरी आणलं, शंकरला भेटवायला. सोबती एकदम गायब झाला तर दुसरा शोधत राहतो. वास घेऊ दिला तर बरं. शंकरने नाकाला नाक लावलं, कानाजवळ हुंगलं, दोनदा नाकाने ढकललं. मग वळून दुर्वा खायला लागला. पोरीला त्याचा राग आला. अण्णांनी डायरी मिटली.

पुरायचं कुठे? चाळीला अंगण नाही, असलं तरी खाली पेव्हर ब्लॉक. तुळशीच्या कुंडीत म्हणणाऱ्यांना कुंडी केवढी ते ठाऊक नसावं. महापालिकेने २०२३ साली मालाडला छोट्या प्राण्यांसाठी दहनाची सोय केलीय. वहिनींचा नवरा बुटांच्या खोक्यात घालून दादरहून लोकलने गेला. गाडीत शेजारच्याने विचारलं, ‘नवीन बूट का? सेल लागलाय कुठे?’ हा म्हणाला, ‘नाही, जुनेच आहेत.’ हे त्याने मला स्वतः सांगितलं, आणि हसला, आणि मग आत निघून गेला.

गणपती आले, गेले. अण्णा दर रविवारी शंकरचं वजन घेतात. १०१० होतं, परवा ९८०. आजारी नाही, एकटा आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून कायदाच आहे, गिनीपिग एकटा ठेवायचा नाही, सोबत पाहिजे. अण्णांना हे नातीने सांगितलं आणि त्यांना ते फारच पटलंय. वहिनी म्हणतात, ‘काकू, एकाला सोबत आणायची, मग त्याला म्हातारपणी सोबत, मग तिसऱ्याला... हे संपणार कधी?’ मी म्हटलं, शंकरची बाजू घेऊन बोलायचं तर आणा, दुर्वांची बाजू घेऊन बोलायचं तर नका आणू.

काल वहिनी उशिरा येणार होत्या. पिंजरा परत गॅलरीत आलाय. मी मार्केटातून येऊन कुंपणाशी टेकले आणि शेपूची जुडी काढावी म्हणून पिशवीत हात घातला. चुरचुर झाली. शंकर जाळीवर चढला आणि माझ्याकडे बघून त्याने अशी काही शिट्टी मारली, की आतून आमचे हे ओरडले, ‘अगं, कुकर बंद कर!’